लडाख नंतर, आधी गगनबावडा: लांब पल्ल्याची, कच्च्यावर चालणारी आणि खिशाला झेपणारी गाडी कशी निवडायची

दरवर्षी वळवाचे दोन पाऊस झाले की कुणाचा ना कुणाचा फोन येतोयच, "भावा, लडाखला जायचं ठरलंय, कुठली गाडी घेऊ सांग." मी उलटा प्रश्न टाकतो, गेल्या वर्षभरात गाडीवरनं कुठं कुठं गेलास ते सांग आधी. मग उत्तर येतंय, पन्हाळ्याला चार-पाच वेळा, जोतिबाला दोनदा, गोव्याला एकदा, पावसात आंबोली, आणि बाकी रोज राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी. यात लडाख कुठाय? लडाख होणार एकदा, फार तर दोनदा, पंधरा-वीस दिवस, आणि उरलेले साडेतीनशे दिवस तीच गाडी कोल्हापूरच्या दाभोळकर कॉर्नरला क्लच दाबून उभी राहणार, तिचा हप्ता पण त्याच दिवसांत भरायचाय. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, गाडी निवडताना लडाखचे व्हिडिओ बंद करा आणि दोनच गोष्टी धरून बसा: चिखलात आडवी झाली तर एकट्याला उचलता येते का, आणि लांब कुठं बिघडली तर तिचा पार्ट मिळतोय का. सीसी, डिस्प्ले, मोड बिड हे सगळं त्याच्यानंतर.

आधी ही ड्युअल पर्पज, म्हणजेच अ‍ॅडव्हेंचर गाडीची भानगड काय ते थोडक्यात. डांबरी रस्त्यावर दिवसभर बसून चालवता यावी आणि रस्ता संपला की कच्च्यावर पण घालता यावी अशी गाडी. पुढचं चाक मोठं, म्हणजे २१ किंवा १९ इंची, त्यामुळं खड्ड्यात चाक पडत नाही, वरनं जातंय. सस्पेन्शनची चाल जास्त, पोटाखाली जागा जास्त, हँडल रुंद आणि उंच, फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून चालवता येईल अशी बसण्याची ठेवण. नुसतं पुढं चोचीसारखं मडगार्ड लावून आणि उंच काच बसवून गाडी अ‍ॅडव्हेंचर होत नाही, बाजारात तशा पण आहेत, १७ इंची चाकं आणि साधीच सस्पेन्शन, दिसायला मात्र एव्हरेस्टवर निघाल्यासारखी. ती वाईट नाही, पण मग तेच काम दोनशे सीसीची साधी गाडी कमी पैशात करते.

आता वजन. हे मला कुणी सांगून कळलं नाही, बघून कळलं. दोन पावसाळ्यांमागं आम्ही चौघं गगनबावड्याला निघालेलो, कोल्हापुरातनं पंचावन्न किमी, डोळे झाकून जाण्यासारखा रस्ता, पण एकाला हुक्की आली म्हणून अलीकडनं एका वाडीकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला वळलो. तांबडी माती, वरनं पाऊस, ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. पुढच्या मित्राची गाडी जवळपास दोनशे किलोची, वर सॅडल बॅगा, चाकोरीतनं पुढचं चाक निघायला गेलं आणि गाडी अलगद आडवी. जोरात नाही, अगदी म्हैस पाण्यात बसावी तशी बसली. त्यानं एकट्यानं दोनदा जोर लावला, बूट सरकायला लागले, तिसऱ्यांदा कमरेतनं कट्ट आवाज आला आणि भावानं हात वर केले. आम्ही तिघांनी धरून उचलली. तेवढ्यात मागनं वाडीतला दूधवाला आला, शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही बाजूला दुधाचे कॅन, डोक्यावर प्लास्टिकचं खोळ, पाय खाली सोडून चाकोरीतनंच टुकूटुकू निघून गेला. जाताना आमच्याकडं बघून हसला पण नाही, एवढं त्याला ते रोजचं.

तर आकडे बघा. हीरो एक्सपल्स २०० फोर व्ही (चार व्हॉल्ववाली) साधारण १५८-१५९ किलो, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७, एक्सपल्स २१० जवळपास १६८, रॉयल एनफील्डची जुनी हिमालयन ४११ म्हणजे १९९ आणि नवी हिमालयन ४५० पण १९६. सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड यात ४० किलोचा फरक, म्हणजे तीस किलोचा गुळाचा एक रवा आणि वर दहाचा अजून एक. डांबरी रस्त्यावर हे वजन जाणवत नाही, उलट हायवेला वाऱ्यात जड गाडी बरी वाटते. पण चिखलात, वाळूत, चढावर गाडी वळवताना, लॉजच्या पार्किंगमधनं मागं ढकलताना तो रवा उरावर बसतो. बरोबर कायम तीन-चार जण असतील तर जड गाडी चालेल. एकटं फिरणारा माणूस असेल तर १७० किलोच्या वर जाताना दहादा विचार करावा.

उचलायची पण एक रीत आहे. गाडी उजवीकडं पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवायचा म्हणजे उचलल्यावर पलीकडं पडत नाही. गिअरमध्ये टाकायची म्हणजे घरंगळत नाही. मग गाडीकडं पाठ करायची, सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एका हातात पूर्ण वळवलेलं खालचं हँडल आणि दुसऱ्या हातात मागचा ग्रॅब रेल, आणि कंबर सरळ ठेवून पायांनी मागं चालत जायचं. हे घरासमोर मातीत, जुनी गोधडी टाकून एकदा करून बघा. शोरूमवाला करू देणार नाही, पण ज्या मित्राकडं ती गाडी आहे तो देईल, तेवढा तरी मित्र पाहिजे.

उंचीचा विषय वेगळा. सीटची उंची एक्सपल्स आणि व्ही-स्ट्रॉमची ८२५-८३५ मिलिमीटरच्या घरात, हिमालयन ४११ ची ८००, म्हणून साडेपाच फुटाच्या आतली पोरं हिमालयनवर खूश असतात. एक्सपल्सचं प्रो म्हणून जे मॉडेल आहे त्याची सीट ८९१ ची आहे, ती रॅलीवाल्यांसाठी, नुसती दिसायला भारी म्हणून घेऊ नका, ऐन ट्रॅफिकमध्ये पाय टेकणार नाहीत. दोन्ही पाय सपाट टेकायलाच पाहिजेत असं काही नाही, एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याचा पंजा टेकला तरी चालतंय, पण हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बघू नका. बाहेर उतारावर उभी करून, जे बूट घालून फिरणार तेच घालून, मागं एक माणूस बसवून बघा. सीट कापून खाली करायच्या फंदात पडू नका, फोम गेला की शंभर किमीनंतर बसवत नाही.

पॉवरबद्दल पोरं लई भांडतात. माझं मत असंय की आपल्याकडं लांब जायला वीस ते तीस हॉर्सपॉवर भरपूर झाली. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, म्हणजे दीडशेनं पळवायला जो रस्ता लागतोय तिथं आपल्याला सोडतच नाहीत. राहिला आपला पुणे-बेंगलोर हायवे, तिथं कुठं डायव्हर्जन, कुठं उलट्या दिशेनं येणारी टमटम, आणि दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ऊसाच्या ट्रॉल्या. रात्री कागलपासनं पुढं जाताना दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर ऊसाच्या वाड्याखाली झाकलेला, तो शेवटच्या पन्नास मीटरवर दिसतो. तिथं हॉर्सपॉवर कामाला येत नाही, हेडलाइट आणि ब्रेक येतात. म्हणून टेस्ट राइड शक्यतो संध्याकाळी अंधार पडताना घ्या आणि हेडलाइट वळणावर किती दाखवतो ते बघा, हे कुणीच करत नाही.

तरी गाडी कुठल्या स्पीडला खूश असते ते माहीत पाहिजे. एक्सपल्स २०० चं इंजिन ८०-९० ला आरामात चालतंय, त्याच्या वर हँडल आणि पेगमध्ये मुंग्या यायला लागतात, पुण्यापर्यंत २३० किमी ठीक आहे पण एका दिवसात बेंगलोर गाठायचं म्हटलं की माणूस वैतागतो. व्ही-स्ट्रॉम १०० ला निवांत. हिमालयन ४११ चं इंजिन हळू फिरणारं, ३२ न्यूटन मीटरचा ओढा खालीच मिळतोय, दोघं आणि सामान घेऊन घाट चढताना सारखा गिअर पाडावा लागत नाही. आणि लडाखवाल्यांसाठी एवढंच, तिथली खार्दुंगला खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथं हवा विरळ, इंजिनचा दम जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होतो, कुठल्याही गाडीचा. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण आपोआप जुळवून घेते, कार्ब्युरेटरची गाडी धूर सोडत खोकत चालते. पण चढते. दीडशे सीसीच्या गाड्या दरवर्षी तिथं जाऊन येतात, त्यांना बघून आपल्या बजेटची लाज वाटायचं बंद होतं.

चाकांवर जरा थांबतो कारण इथंच लोक फसतात. स्पोकचं चाक खड्ड्यात वाकतं पण तुटत नाही, गावातला सायकलवाला पण स्पोक ओढून थोडंफार सरळ करून देतो. अलॉय चाकावर जोरात दगड बसला तर डेंट पडतो किंवा तडा जातो, मग तिथंच बैठक. पण या बजेटमधल्या बहुतेक स्पोकच्या चाकात ट्यूब असते आणि पंक्चर झालं की पूर्ण चाक खोलायचं, टायर उपसायचा, ट्यूब काढायची, भर पावसात फोंडा घाटात हे करून बघा म्हणजे अलॉयची किंमत कळेल. ट्यूबलेसला खिळा काढला, भोकात रबराची स्ट्रिप घातली, हवा भरली, पंधरा मिनिटांत निघाला. एक्सपल्सला २१ आणि १८ इंची स्पोक, ट्यूबवाले. व्ही-स्ट्रॉमला १९ आणि १७ इंची अलॉय, ट्यूबलेस. हिमालयन ४११ ला २१ आणि १७, स्पोक. माझा हिशोब असा: तुमच्या फिरण्यात शंभरातले नव्वद किमी डांबरी असतील तर १९ इंची अलॉय घ्या आणि सुखानं झोपा. दाजीपूर, विशाळगड, चांदोलीकडच्या आडवाटा हाच छंद असेल तर २१ इंची स्पोक घ्या, पण घ्यायच्या आधी चाक खोलायला शिका. दोन टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन, छोटा पंप आणि एक पुढच्या मापाची ट्यूब एवढं कायम बॅगेत. पुढची २१ ची ट्यूब अडल्यावर मागच्या १८ च्या टायरमध्ये तात्पुरती चालते, उलटं होत नाही, म्हणून एकच न्यायची तर पुढची न्यावी.

एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सोयीचं पण बघून घ्या. कच्च्या उतारावर मागचं चाक थोडं घसरवावं लागतं, तिथं एबीएस सारखा ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबतच नाही असं वाटतं. एक्सपल्स २०० फोर व्हीला एबीएस फक्त पुढं आहे त्यामुळं मागचा प्रश्नच नाही, हिमालयनला २०२० च्या बीएस ६ (धुराच्या नव्या नियमातल्या) मॉडेलपासनं मागचा बंद करता येतो, व्ही-स्ट्रॉम एसएक्सला बंद करायची सोय नाही. नवशिक्यानं मात्र डांबरी रस्त्यावर तो चालूच ठेवावा, उगंच शायनिंग नको.

पेट्रोलच्या टाकीची चिंता आपल्याकडं करायची गरज नाही, दर वीस-तीस किमीला पंप आहे. मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किमीवर असा जो बोर्ड प्रसिद्ध आहे तो बघून लोक टाकी मोजायला लागतात. एक्सपल्सची १३ लिटर, व्ही-स्ट्रॉमची १२, हिमालयन ४११ ची १५. सामान आणि चढ धरून तीस-पस्तीसचं अ‍ॅव्हरेज पकडलं तरी जवळपास तेवढं निघतं, आणि सोबत पाच लिटरचा कॅन घेतला की संपला विषय.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासनं ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के झाला आणि ३५० च्या वर सेस धरून जो ३१ पडायचा तो सरळ ४० झाला. म्हणजे आधी हिमालयन ४५० आणि व्ही-स्ट्रॉम यात जे अंतर होतं ते आणखी वाढलं. ४५० गाडी म्हणून एकदम झकास, ४० हॉर्सपॉवरच्या आसपास, १७ लिटरची टाकी, हायवेला दिवसभर पळते, पण हा लेख परवडणाऱ्या गाडीवर आहे आणि एक्स-शोरूम आकड्यावर टॅक्स, इन्शुरन्स, अ‍ॅक्सेसरी चढवल्यावर जे बिल येतंय ते बघून घरात महाभारत होणार असेल तर तिला परवडणारी म्हणता येत नाही. नवीन घ्यायची असेल तर दोनशे-अडीचशे सीसीतच बघा असं माझं सरळ मत. आणि जे बजेट ठरलंय त्यातले तीस-चाळीस हजार आधीच बाजूला काढून ठेवा: चांगलं हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, घोट्याच्या वर येणारे बूट, खराखुरा रेनकोट, क्रॅश गार्ड, इंजिनखालची बॅश प्लेट, सॅडल बॅगा. पोरं सव्वादोन लाखाची गाडी घेतात आणि स्लीपर घालून आंबोलीला जातात.

नाव घेऊन सांगायचं तर असं. एकटा, वजनानं हलका, घाट-जंगल-कच्चा रस्ता आवडणारा आणि खिशात कमी, त्यानं सेकंडहँड एक्सपल्स २०० घ्यावी. २०१९ ला ही गाडी आली, २०२१ ला चार व्हॉल्वचं इंजिन आलं, जमलं तर चार व्हॉल्ववालीच बघावी, हायवेला जरा मोकळी पळते. थोडे जास्त असतील तर नवी एक्सपल्स २१०, लिक्विड कूल्ड आणि सहा गिअर, जुन्या एक्सपल्सची हायवेवरची दमछाक हिच्यात कमी झालीय. जोडीनं फिरणारे, गोवा-हंपी-गोकर्ण करणारे, कच्चा रस्ता म्हणजे रिसॉर्टचा शेवटचा एक किमी असणारे, त्यांनी व्ही-स्ट्रॉम एसएक्स, मागच्या सीटवरच्या माणसाकडनं शिव्या खाव्या लागत नाहीत. आणि दणकट माणूस, सामान भरपूर, घाई अजिबात नाही, त्याला जुनी हिमालयन ४११, पण २०१६ ची कार्ब्युरेटरवाली नको, २०१७ नंतरची इंजेक्शनवाली, जमलं तर बीएस ६. नवीन निघायची बंद झाली असली तरी रस्त्यावर इतक्या आहेत की पार्टचं टेन्शन सध्या तरी नाही.

सेकंडहँडवर मला जास्त बोलायचंय कारण माझे हात तिथं भाजलेत. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतोय ना, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गाव आठवडाभर तुटलेलं, आणि जुलै २०२१ ला परत. पार्किंगमध्ये, शेडमध्ये कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या गाड्या गेल्या कुठं? पाणी काढून, धुऊन, पॉलिश मारून बाजारात आल्या. तशीच एक माझ्या गळ्यात पडली, पुराच्या पुढच्याच वर्षी. चकाचक गाडी, किमी कमी, पहिल्या किकला चालू, विकणारा गोड बोलणारा. दोन महिने चांगली चालली, मग एका संध्याकाळी राधानगरीच्या पुढं हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न सगळं एकदम गप. मेकॅनिकनं हेडलाइटचा डोम उघडला आणि आत बोटाएवढी जाड वाळलेल्या गाळाची रेघ, जिथपर्यंत पाणी चढलेलं तिथपर्यंत पट्टीनं मारल्यासारखी. वायरिंगचा सगळा गुच्छ आतनं हिरवा पडलेला.

तेव्हापासनं मी गाडी बघायला गेलो की आधी रंग बघत नाही. सीट काढायला लावतो आणि बॅटरीच्या मागच्या कोपऱ्यात, कनेक्टरच्या आत टॉर्च मारतो, हिरवट-पांढरी बुरशी दिसली की नमस्कार करून निघतो. नंबर प्लेटच्या मागं, स्विंग आर्मच्या पोकळीत, चेन कव्हरच्या आत बोट फिरवून गाळ येतोय का बघतो. मीटरच्या काचेत आतनं वाफ धरलीय का. टाकीचं झाकण उघडून आत गंज आहे का. इंजिन ऑइलची काच जिथं असते तिथं ऑइल चहासारखं दुधाळ दिसतंय का. एवढं स्वच्छ निघालं की मग बाकीचं: पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू एका टोकापासनं दुसऱ्या टोकाला फिरवायचं, मधे कुठं अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलंय, तेच चाक धरून पुढं-मागं हलवायचं, कट्-कट् झालं तर पण तेच. स्पोकवर पान्ह्यानं टिचकी मारत जायचं, सगळ्यांचा आवाज टण् असा सारखा आला पाहिजे, एखादा भद् बोलला की ढिला. स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेत का, फोर्कच्या नळीवर तेलाची कड आहे का, फूटपेग आणि लिव्हरची टोकं घासलीत का. आणि जायचं सकाळी लवकर, आधी सांगून ठेवायचं की गाडी चालू करून ठेवू नका. तरी गेल्यावर पहिला हात इंजिनला लावायचा, गरम लागलं तर त्यानं काहीतरी लपवायला ती आधीच तापवलीय असं समजायचं.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. चलनं किती पेंडिंग आहेत ते नंबर टाकून समोरच बघा, गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का विचारा. आणि आपल्याकडची खास भानगड म्हणजे निपाणी-बेळगावची गाडी. केए २३, केए २२ पासिंगच्या गाड्या ऑनलाइन बघताना स्वस्त दिसतात, फोटोत नंबर झाकलेला असतो, तिथं गेल्यावर कळतं. घ्यायला हरकत नाही, पण तिकडची एनओसी, फॉर्म २८, मग एमएच ०९ ला परत पासिंग आणि इकडचा रोड टॅक्स, हे सगळं जोडून हिशोब करा, बऱ्याचदा तो स्वस्तपणा कागल नाक्यावरच संपतो. बीएस ४ किंवा त्याच्या आधीची गाडी असेल तर अजून एक, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि इथेनॉल पाणी ओढतं, आपल्या चार महिन्यांच्या पावसात गाडी अर्ध्या टाकीनं आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका, आणि रबराचे पेट्रोल पाइप जुने असतील तर घेतल्या घेतल्या बदलून टाका.

सर्व्हिस सेंटरची चौकशी सगळेच करतात पण चुकीच्या माणसाकडं. सेल्सवाला सगळं मिळतंय म्हणणारच. तुम्ही सरळ पार्टच्या काउंटरवर जा, आणि पाच वस्तूंची नावं घ्या: क्लच केबल, पुढचे ब्रेक पॅड, एअर फिल्टर, क्लच लिव्हर, चेन सेट. किंमत काय आणि आत्ता हातात आहे का एवढंच विचारा. पाचातल्या चार आहेत म्हणाला तर गाडी घ्यायला हरकत नाही. "ऑर्डर टाकावी लागेल साहेब, पुण्यावरनं येईल" असं दोनदा ऐकू आलं की समजून जा. माझ्या एका दोस्ताची महागडी गाडी एका साध्या लिव्हरसाठी सतरा दिवस शेडमध्ये होती आणि हा रोज वडापनं कामाला. लांब जायचंय तर अजून एक बघा, ती गाडी तालुक्याच्या गावातला मेकॅनिक खोलू शकतो का. इथं हीरोवाल्यांचा पत्ता सगळ्यात वर, भारतातल्या कुठल्या पण कोपऱ्यात त्यांचं काहीतरी दुकान सापडतंयच.

सामान लावायच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत कारण आपल्याकडं उद्यमनगर आहे. ब्रँडेड सॅडल स्टेच्या, म्हणजे बॅगा अडकवायच्या चौकटींच्या किमती बघून घाबरू नका, लेथ आणि वेल्डिंगवाल्याकडं गाडी घेऊन जा, पाइप वाकवून मापात बनवून देतात, पावडर कोटिंग पण तिथंच आसपास होतंय. फक्त दोन गोष्टी सांगा: गाडीच्या चॅसीला वेल्डिंगचा एक टिपका पण मारायचा नाही, जे काय ते आहे त्या बोल्टच्या जागेवर कसायचं, आणि बॅगा जेवढ्या खाली आणि पुढं येतील तेवढ्या आणा, मागच्या कॅरियरवर जड सामान ठेवलं की पुढचं चाक हलकं होतं आणि घाटात गाडी डुलायला लागते. एक्सपल्सचा सायलेन्सर उजव्या बाजूला उंच आहे, त्या बाजूला स्टे थोडा बाहेर काढून मधे पत्रा लावून घ्या, नाहीतर बॅगेला भोक पडलेलं गोव्यात पोचल्यावर कळतं, आत कपडे जळकट वास मारतात, अनुभव आहे.

टेस्ट राइडला शोरूमवाले चौकात एक फेरी मारून आणतात, त्याला काही अर्थ नाही. तास-दीड तास मागून घ्या, नाहीच दिला तर तीच गाडी असलेल्या ओळखीच्या माणसाला पेट्रोल भरून देतो म्हणा. पन्हाळा रोडनं केर्लीपर्यंत, तिथनं जोतिबाच्या घाटानं वर, येताना एखाद्या पाणंद रस्त्यानं ऊसातनं. सरळ रस्त्याला ८० ला धरून दहा मिनिटं चालवा, घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वळणातनं बाहेर पडताना ओढते का बघा, पाणंदीत फूटपेगवर उभं राहून चालवा आणि हँडलसाठी वाकावं लागतंय का ते बघा, वाकावं लागत असेल तर हँडल उंच करणारा रायझर लावावा लागणार, तो खर्च धरा. जोतिबाच्या चढावर मधेच थांबवून परत निघून बघा, पुढं वाहनं, मागं वाहनं, डाव्या पायाखाली खडी. पठारावर मात्र गाडी घालू नका, मसाईवर टायरनं उकरलेली फुलं बघून वाईट वाटतं. आणि त्या दिवशी लगेच बुकिंग करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मनगट, कंबर आणि बूड काय म्हणतंय ते ऐका, दीड तासात जिथं दुखलं तिथं आठ तासांत काय होईल याचा अंदाज येतो.

गाडी घरात आली की पहिले ५००-७०० किमी तिला रेटू नका, पहिली सर्व्हिस करून घ्या, चेनला दर पाचशे किमीला ल्यूब आणि ढिल मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी. मग लडाखला जेवढं सामान नेणार तेवढं सगळं, म्हणजे अगदी सगळं, बांधून दोन दिवसांची फेरी मारा: राधानगरीवरनं फोंडा घाट उतरून कोकणात मुक्काम, येताना गगनबावड्यानं वर. घरी आल्यावर बॅगा अंगणात उलट्या करा आणि जे एकदाही बाहेर काढलं नाही ते बाजूला ठेवा, टूलकिट, पंक्चरचं सामान आणि औषधं सोडून. माझ्या पहिल्या फेरीत बाजूला काढलेला ढीग घरच्या काट्यावर ठेवला तेव्हा साडेनऊ किलो भरला, त्यात एक इस्त्री केलेला शर्ट पण होता.